पाठकोरे कागद

देवास, शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

माधव,

मायना काय घालावा यावर पाव तास गेला. धाकट्या भावाला चिरंजीव लिहायची आपल्याकडची रीत. पण बासष्ट वर्षांच्या माणसाला, तेही छत्तीस वर्षांत एक ओळ न लिहिता, एकदम चिरंजीव म्हणायचा धीर होईना. म्हणून नुसतं माधव. पत्ता बदनावरच्या लतिकानं दिला, आपल्या मामाच्या लतिकानं. तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका हैदराबादहून परत आली नाही, त्या अर्थी पत्ता बरोबर असणार, असं तिचं म्हणणं.

मी आज एक सिनेमा पाहिला आणि तो तुलाच सांगायला हवा. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

तू घरातून गेलास तेव्हा जी माझ्या पोटात होती ती अपूर्वा आता इथे देवासला असते. जावई अजेयराव कारखान्यात आहेत. नात वेदिका अकरा वर्षांची, नातू शौर्य सहाचा. नाताळच्या सुटीला मी धारहून त्यांच्याकडे आले आहे. आज दुपारी मला मॉलमध्ये सिनेमाला न्यायचं ठरलं. वेदिकाला मारामारीचा पाहायचा होता, पण त्याची तिकिटं संपली होती. मग उरला तो हा. ती गाल फुगवून बसली.

"आजी, ये तो बच्चोंवाली है. और टू-डी है."

"टू-डी म्हणजे काय गं?"

"म्हणजे चपटी. कॉम्प्युटर से नहीं, हाथ से बनाई है. बोअर होईल तुला."

हाताने, हे ऐकलं तेव्हाच मी थबकायला हवं होतं. पण मी पॉपकॉर्नच्या रांगेत होते, लक्ष दिलं नाही.

गोष्ट साधी होती. कुठल्या तरी थंड देशातला एक नावाडी, त्याची बायको, मुलगी आणि मुलीचं एक बदक. हे बदक पाण्याला भितं. नदीला पूर येतो आणि सगळं घर होडीत घालून निघावं लागतं, भांडी, गाद्या, घड्याळ सुद्धा. सगळं हिंदीत बोलत होते. पण माधव, ती रेघ. ती बाई नुसती उभी असली, काही करत नसली, तरी तिच्या ओढणीची रेघ किंचित थरथरत होती, जशी माणसाची छाती झोपेतही वरखाली होते. पाणी तर असं काढलं होतं की मी पाय वर घेतले. खरंच घेतले. अपूर्वा म्हणाली, "आई, चप्पल पडली तुझी."

बदकाला उडी मारायची वेळ आली तेव्हा शौर्य खुर्चीवर उभा राहिला आणि ओरडला, "कूद जा भिया, कुछ नहीं होगा." सगळं थिएटर हसलं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "हाँ भिया, कूद जा." बदकाने उडी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेदिका, जिला हे सगळं बच्चोंवालं वाटत होतं, तिने माझ्या शालीला डोळे पुसले आणि वर म्हणाली, शाल को धूल की बास आती है.

सिनेमा संपला. नावांची यादी सुरू झाली, लोक उठले. मी मोजे चढवत होते. शौर्य म्हणाला, "आजी, हे हलतात कसे?" आणि त्याच वेळी पडद्यावर, नावांच्या बाजूला, एक हात आला. नुसता हात, मनगटापर्यंत. त्याच्यासमोर कागदांचा गठ्ठा. त्या हाताने गठ्ठा बोटांमधून सर्रकन सोडला आणि कागदावरच्या पेन्सिलच्या बदकाने उडी मारली.

गठ्ठ्याच्या खालच्या कडेला तीन भोकं होती. मधलं गोल, दोन्ही बाजूंची लांबट.

मी परत खाली बसले. झाडूवाला आला तरी बसून होते. अजेयरावांनी विचारलं, "आई, चक्कर वगैरे?" मी म्हटलं, नाही, चप्पल सापडत नाही.

ती भोकं माझ्या ओळखीची आहेत. तुझी ट्रंक वाळवीनं खाल्ली त्याच्या आधी मी ती रोज पाहत होते. चौदाशे चाळीस कागद. प्रत्येकावर तीच तीन भोकं आणि कोपऱ्यात आकडा. तीन वर्षं तू स्टुडिओतून सुटलास की स्वतःची दोन मिनिटांची फिल्म काढत होतास, आणि मुंबईतली खोली गळते म्हणून गठ्ठे धारला आणून ठेवत होतास, हे सगळं मला माहीत होतं. कागद एकामागून एक का काढायचे ते माहीत नव्हतं. आज कळलं. पासष्टाव्या वर्षी, पॉपकॉर्न सांडलेल्या खुर्चीत.

एवढंच सांगायचं होतं. पत्र टाकेन की नाही कोण जाणे.

विनोदिनी


देवास, शनिवार, २८ डिसेंबर

माधव,

कालचं पत्र टाकलं नाही, आणि बरं झालं. आज जे झालं ते त्याच पाकिटात जायला हवं.

अपूर्वाने सकाळी डिंकाचे लाडू करायला घेतले. माईच्या वहीतून करते ती. माईने आयुष्यभर एकच पाककृतींची वही केली, ती माझ्याकडून अपूर्वाकडे आली. जाडजूड, वरच्या बाजूला सुतळीने शिवलेली, कॅलेंडरसारखी वर उलटायची. एका बाजूला माईचं अक्षर, "डिंक तुपात फुलवणे, घाई करू नये". दुसऱ्या बाजूला चित्र. प्रत्येक पानामागे माई, सुई-दोरा घेऊन बसलेली. अपूर्वा त्या चित्रांवरच लहानाची मोठी झाली, तिला त्यात कधी नवल वाटलं नाही. माझ्या मैत्रिणींच्या घरी वह्यांवर देवांची चित्रं असायची, आमच्या वहीत आजी, असं ती म्हणते.

मी ओट्यापाशी गेले आणि वहीची शिवण पाहिली. सुतळी तीन भोकांतून गेली होती. मध्ये गोल, दोन्हीकडे लांबट.

"अपू, ती वही दे."

"आई, पाक जळेल."

"जळू दे."

वही उलटी केली. आता शिवण खाली आली, चित्राच्या पायाशी. वरची कड अंगठ्याखाली धरली, काल त्या हाताने धरली होती तशी. माझा अंगठा संधिवाताचा, पानं घसरेनात. वेदिका म्हणाली, "दे इकडे," आणि तिने सोडली.

माधव, माई हलली.

तिने दोरा तोंडात घालून ओला केला. डोळा बारीक केला. सुई उजेडाकडे धरली. चुकली. पुन्हा दोरा ओला केला, अगदी ओठाच्या त्याच कोपऱ्यात, जिथे तिची जीभ जरा बाहेर येत असे आणि आपण चिडवायचो. पुन्हा चुकली. मान थोडी डावीकडे नेली, जशी न्यायची. दोरा आत गेला. आणि तिने वर पाहायला सुरुवात केली, आणि वही संपली.

पाच-सहा सेकंद. एकवीस वर्षांपूर्वी गेलेली आई पाच-सहा सेकंद माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात बसून होती, आणि पाक जळत होता, आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

शौर्य म्हणाला, "फिर से." आम्ही पुन्हा केलं. किती वेळा केलं ते विचारू नकोस. अजेयराव कामावरून दुपारी जेवायला आले तर जेवण झालंच नव्हतं. त्यांनीही तीन वेळा पाहिलं आणि उभ्याउभ्याच दही-पोळी खाऊन गेले. अपूर्वाला आजी आठवते ती आजारपणातली. ती म्हणाली, "अशी हलायची ती?" मी म्हटलं, हो, अगदी अशी.

वेदिकाने दोन गोष्टी धरल्या. एक, मध्येच एका जागी माईची मान झटका खाते. "यहाँ अटकता है. बघ, सव्वीस के बाद सीधा अठ्ठावीस." कोपऱ्यातला सत्तावीस नाही. आणि शेवटी एक्काहत्तर आहे, पण माईची मान अर्धीच वर आलेली. "वर बघायचं होतं ना तिला? लास्ट वाला कहाँ है?"

दुसरी गोष्ट तिने लाडू खाताना विचारली. मामाआजोबांनी इतकी चित्रं काढली तर बाकीची कुठे?

"ट्रंकेला वाळवी लागली होती."

"दीमक? फिर इसको क्यों नहीं लगी?"

मी म्हटलं, लाडू खा.

वि.


धार, मंगळवार, ३१ डिसेंबर

माधव,

आज अजेयराव सगळ्यांना गाडीने धारला घेऊन आले. मी आता लालबागेकडच्या एका लहान घरात असते, जुनं घर कधीच गेलं. पुढच्या खोलीत भिंतीवर एक फ्रेम आहे. आल्या आल्या शौर्य तिच्यासमोर उभा राहिला.

"ये तो अटकनेवाली है."

फ्रेममध्ये माई आहे, सुई उजेडाकडे धरलेली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. वीस वर्षं जो येतो तो म्हणतो, काय सुंदर चित्र, कोणी काढलं? मी सांगते, माझा भाऊ मोठा चित्रकार आहे. अभिमानाने सांगते. तुला ऐकू येत नाही म्हणून इतक्या मोकळेपणाने सांगते.

अजेयरावांनी फ्रेमच्या मागचे खिळे सुरीने काढले. पुठ्ठा सरकवला तशी खालची तीन भोकं दिसली आणि कोपऱ्यात सत्तावीस. वेदिकाने कमरेवर हात ठेवले. अगदी माझ्या मिशन शाळेतल्या सिस्टरसारखी दिसली.

"म्हणजे दीमक ने सबसे बढ़िया वाला छोड़ा, और फ्रेम भी करवा दिया?"

अपूर्वा हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली.

मी मुलांना चहाच्या टेबलाशी बसवलं आणि सांगितलं. त्यांना सांगितलं तेच तुला लिहिते, त्याच शब्दांत. सजवून लिहायला बसले तर मी पुन्हा काहीतरी लपवेन.

वाळवी नव्हती. कधीच नव्हती. ते मी केलं.

मला सातवा महिना होता, बाळंतपणाला माहेरी आले होते, दिवसभर करायला काही नाही. तुझी ट्रंक उघडली. वरचे दहा कागद पाहिले, दहाही सारखेच. पन्नास पाहिले, तेही. मला वाटलं, एक चित्र जमेपर्यंत किती वेळा काढतो हा माधव. बाकीची सगळी फसलेली. म्हणून प्रत्येक प्रसंगातलं सर्वात सुबक एक निवडलं, पातळ कागदात गुंडाळून ठेवलं, तुला भेट द्यावं म्हणून. माईची मात्र दोन निवडली. आणि बाकीचे पाठकोरे कागद. शाळेत सिस्टर आम्हाला पाठकोरा कागद टाकू देत नसत, त्याच्या कच्च्या वह्या शिवायला लावत. इथे तर भोकंही आयती पाडलेली. मी बसल्या जागी वीस वह्या शिवल्या. सरदारपुरला माझी मैत्रीण शिकवायची, एकोणीस तिच्या मुलींना पाठवल्या. तिचं आभाराचं पत्र आलं, मुलींनी पाठीमागच्या चित्रांत रंग भरले म्हणून. विसावी माईला दिली, पाककृतींसाठी. मला केवढं सत्कार्य केल्यासारखं वाटलं होतं.

दिवाळीत तू आलास. स्टुडिओचा कॅमेरा पंधरा दिवस तुला वापरायला मिळणार होता, तू ट्रंक न्यायला आला होतास. तुझ्या तोंडावरचा आनंद मी पाहिला. तू अंगणातूनच सांगायला लागला होतास, एका सेकंदाला बारा चित्रं, ताई, तू बघशील तेव्हा वेडी होशील. तेव्हा, त्या ‘बारा’ शब्दाला, मला अर्धवट कळलं. पूर्ण नाही, पण काहीतरी फार वाईट केलंय एवढं कळलं. आणि तू ट्रंकेकडे जायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "अरे, तिला वाळवी लागली, माईनं जाळून टाकली."

माईनं. हा शब्द मी घातला. कोणी घालायला सांगितला नव्हता.

तू माईकडे वळलास. तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही, तुला आठवत असेल. तुझं काम तिला कधी काम वाटलंच नाही, हे त्यातलं सर्वात सौम्य. माई ओसरीवर उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, वही तिच्या फडताळात होती. ती एक शब्द बोलली नाही. तू गेल्यावर मी रडायला लागले, तर म्हणाली, "गप. दोन जिवांची आहेस तू. त्याचा राग माझ्यावरच राहू दे. आईवरचा राग फार दिवस टिकत नसतो, येईल."

तिचा अंदाज चुकला. पंधरा वर्षं ती फाटकाचा आवाज झाला की वर पाहायची.

आणखी एक सांगते, हे मुलांना सांगितलं नाही. त्या चित्रांसाठी माई तुझ्यासमोर तीन दुपारी सुईत दोरा ओवत बसली होती. मला परकर शिवून द्यायला तिला वेळ नसे. कागद निवडताना हे माझ्या मनात होतं की नव्हतं, मी छत्तीस वर्षं स्वतःला विचारते. नव्हतंच, असं म्हणवत नाही.

वेदिका म्हणाली, "आजी, सॉरी बोललीस का त्यांना?"

"लिहितेय."

"लिखने से क्या होगा, पोस्ट करो."

विनोदिनी


धार, शनिवार, ४ जानेवारी २०२५

माधव,

मुलं आज परत जातायत, त्यांच्याबरोबर मी पोस्टात जाणार आहे. म्हणून घाईत.

सत्तावीस आम्ही वहीत परत ठेवला. शिवण न उसवता नुसता मध्ये सरकवला. मान आता झटका खात नाही. वेदिका म्हणते, बघ, एवढ्याशासाठी. वीस वर्षं मी तिला भिंतीवर टांगून ठेवलं, आणि वहीत ती अडखळत होती.

मी युक्ती केली होती तीही सांगते. वही तुला पाठवायची आणि सत्तावीस ठेवून घ्यायचा, म्हणजे तो न्यायला तरी तू येशील. फार हुशार वाटले मी स्वतःला. मग वाटलं, विनोदिनी, पुन्हा सर्वात सुबक एक बाजूला काढून ठेवतेस की काय. म्हणून वही आणि सत्तावीस दोन्ही तुझी आहेत. नाजूक झाली आहे, पानांवर तूप आहे, पोस्टाने पाठवायला भीती वाटते. अपूर्वाने पाककृती उतरवून घेतल्या. तू म्हणशील तसं करू. सोबत एक पान फक्त पाठवते, एक्काहत्तर, ते शेवटचं असल्याने सुटून आलं होतं. खरंच माझी वही आहे हे तुला पटावं म्हणून. मागे चकलीची भाजणी आहे, ती वाच, माईचं अक्षर आहे.

आता बहात्तर. वेदिका रोज विचारते. त्यात माई वर पाहते. दोरा गेला म्हणून हसते, सरळ समोर, जणू तुझ्याकडेच. मी निवडलेल्या दोनांतलं ते दुसरं. बाकीची निवडक घर बदलताना गेली, पण ही दोन मी जिवापाड जपली होती. २००३ साली माई गेली तेव्हा बहात्तर मी तिच्या हातात दिलं. तुझं काहीतरी तिच्याबरोबर जावं, एवढं वाटलं. तू आला नाहीस. तेव्हा चारचौघांत मी तुला नाव ठेवलं होतं, आईला पोचवायला सुद्धा आला नाही म्हणून. सगळे माना हलवत होते आणि मी त्यांना हलवू दिल्या.

तेव्हा बहात्तर आता कुठेच नाही. वही एक्काहत्तरावर संपते.

शौर्य दारात उभा राहून ओरडतोय, "आजी, डाकघर बंद हो जाएगा." मला माफ कर असं लिहायचं होतं, ते इतका वेळ राहूनच गेलं. आता लिहिलं. चारही पत्रं एकाच पाकिटात घालते.

ताई


धार, रविवार, २६ जानेवारी

माधव,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. पोस्टमनने हातात दिलं आणि पाणी मागितलं. मी त्याला पाण्याऐवजी काय दिलं कोण जाणे, तो म्हणाला, बाईजी, ये तो तेल है.

मुलं शनिवारी येणार होती, ती येईपर्यंत उघडायचं नाही असं ठरवलं. अकरा मिनिटं थांबले.

आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं, पुठ्ठे वेगळे केले. एक ओळ नाही. छत्तीस वर्षांचं तुझं गप्प बसणं आणि माझी चार पत्रं, त्यापुढे तू तरी काय लिहिणार. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक्काहत्तर होता, आणि त्याच्याखाली कागद. खालच्या कडेला तीन भोकं. यंत्राने पाडलेली नाहीत, ब्लेडने कापली आहेस, गोल भोक एका बाजूला जरा चपटं झालंय. म्हणजे तुझ्याकडे आता ते सामानही नाही. तरी वहीवर ठेवलं तर तंतोतंत बसलं.

कोपऱ्यात बहात्तर.

माई वर पाहतेय. तीच. कानामागून सुटलेली तीच बट. हसू पूर्ण आलेलं नाही, यायच्या बेतात आहे, ते तर मी विसरलेच होते. माझ्या आठवणीत ती मोठ्याने हसत होती. तुझं बरोबर आहे, ती तशी कधी हसायची नाही, आधी डोळे हसायचे. हे तू कशावरून काढलंस? त्या तीन दुपारी तू पाहिलं होतंस तेवढ्यावरून?

बऱ्याच वेळाने लक्षात आलं की खाली आणखी एक कागद चिकटला आहे. त्र्याहत्तर.

त्र्याहत्तर नव्हता, माधव. मी ट्रंक रिकामी केली आहे, मला क्रम पाठ आहे. बहात्तरनंतर धारचा बाजार आणि उंट हा पुढचा प्रसंग सुरू व्हायचा, आकडे पुन्हा एकपासून. हा तू आता काढलास. त्यात माई तिथेच बसली आहे, पण तिने हात पुढे केला आहे. ओवलेली सुई समोरच्याला देते आहे. दोऱ्याचं टोक खाली लोंबतं आहे.

मी तो कागद किती वेळ धरून बसले असेन. समोरचा कोण, हे तू काढलेलं नाहीस.

काल मुलं आली. पाहून झालं, दहादा, वीसदा. वेदिकाने तिच्या मोबाइलमध्ये घेतलं आणि म्हणाली की मामाआजोबांना पाठवते, नंबर लतिकामावशीकडून घेते. मी नको म्हटलं नाही. मग प्रश्न आला की ही दोन पानं वहीत कशी बसवायची. नुसती सरकवून ठेवली तर शौर्य ती एका दिवसात हरवील. म्हणजे जुनी शिवण उसवायला हवी आणि सगळे, सत्तावीससकट, एक ते त्र्याहत्तर पुन्हा शिवायला हवेत. मी छत्तीस वर्षांपूर्वी घातलेली सुतळी कात्रीने कापली. कागद मोकळे झाले. आम्ही चौघांनी जमिनीवर बसून आकडे लावले. वेदिका मोठ्याने म्हणत होती, शौर्य कागद देत होता. एकही नाही वगळला. दोनदा मोजले.

या वेळी सुतळी नको, मेणाचा दोरा घ्यावा असं वाटलं. उन्हात, खिडकीशी बसले. दोरा ओला केला. सुई उजेडाकडे धरली. चुकली. चष्मा काढला, पुन्हा धरली, पुन्हा चुकली. अपूर्वा म्हणाली, दे मी ओवते. मी म्हटलं थांब. मान थोडी डावीकडे नेली.

शौर्य माझ्या तोंडाकडे पाहत होता, मग माझ्या मांडीवरच्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. मला काही कळलं नाही. माझं सगळं लक्ष सुईच्या नेढ्यात.

दोरा गेला आणि मी वर पाहिलं.

"आजी," तो पेन्सिल शोधत म्हणाला, "फिर से करो. धीरे."

पुढचं पाहायला तू ये. पाठीमागच्या खोलीत दुपारभर ऊन असतं.

ताई